सुजेचा माग काढणाऱ्या भोईर मॅडम

भोईर मॅडमसमोर "आता वय झालं" असं म्हणायची सोय नव्हती. म्हणणारा सत्तरीचा असो की नव्वदीचा, मॅडम हातातलं काम खाली ठेवायच्या, चष्मा कपाळावर चढवायच्या आणि विचारायच्या, "वय झालं म्हणजे नक्की काय झालं, ते सांगा." समोरचा गडबडायचा. ढोपरं दुखतात, जिना चढवत नाही, असं काहीतरी पुटपुटायचा. मग सुरू व्हायचं. सकाळी जास्त दुखतं की संध्याकाळी? झोप लागते का? हिरड्यांतून रक्त येतं का? वयावर बिल फाडून मोकळं होऊ पाहणारा माणूस अर्धा तास अडकून पडायचा. एकदा मयताच्या घरी कुणीतरी सुस्कारा टाकून "वयच झालं होतं त्यांचं" असं म्हणालं, तेव्हा मी मॅडमचा हात घट्ट धरून ठेवला होता. तरी त्यांचे ओठ हललेच.

मॅडम गेल्या त्याला आता वर्ष होत आलं. माझ्या सेंटरमध्ये रोज कुणीतरी म्हातारं माणूस "वय झालं" म्हणत आत येतं आणि मी मॅडमचाच प्रश्न विचारते. उत्तरं ऐकता ऐकता त्यांची आठवण येते, आणि फार बरं वाटतं.

मी बदलापुरात फिजिओथेरपीचं छोटंसं सेंटर चालवते. मॅडम पहिल्यांदा आल्या त्या पेशंट म्हणून. डॉ. वत्सला भोईर, राहणार अंबरनाथ, शिवमंदिराजवळ. मूळच्या आमच्या कुळगावच्याच, आगरी घरातल्या. वडिलांनी अख्खा जन्म अंबरनाथच्या एका केमिकल कारखान्यात काढलेला. जीवरसायनशास्त्रात डॉक्टरेट करून मॅडम कितीतरी वर्षं मुंबईच्या एका संस्थेत उंदरांवर संशोधन करत होत्या. पन्नाशी उलटल्यावर म्हणाल्या, "उंदरांचं म्हातारपण पुष्कळ पाहिलं, आता आपल्या माणसांचं बघते," आणि संस्थेकडून एक छोटा प्रकल्प पदरात पाडून आमच्या भागातल्या पाड्यांवर उतरल्या. त्यांना आमवात होता. मनगटं सुजलेली, बोटं हळूहळू वाकायला लागलेली. ज्या सुजेचा अभ्यास करायचा तिनं त्यांच्याच हातांत मुक्काम टाकला होता. मी हळहळले तर मला म्हणाल्या, "अगं शुभांगी, सोयीचं आहे. लांब जायला नको." आणि मी मनगट शेकत असतानाच त्यांनी मला कामाला जुंपलं. म्हाताऱ्या माणसांच्या हाताची पकड मोजायची आणि त्यांना ठरावीक अंतर चालायला लावून वेग मोजायचा, हे माझं काम ठरलं. पैसे किती ते त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारायचं विसरले. त्यांच्या बोलण्यात माणसाला अशा गोष्टी विसरायला लावण्याची मोठी ताकद होती.

त्यांचा विषय पाड्यावरच्या बायकांना समजावून सांगताना त्यांना मी पहिल्यांदा आगरीत बोलताना ऐकलं. माझ्याशी बोलताना अगदी पुस्तकी मराठी, आणि ओटीवर मांडी घातली की जीभ आपोआप माहेरी.

"बोट कापलं की सुजतं ना गं?" त्या विचारायच्या.

"सुजतं ना."

"ती सूज चांगली. ती औषध करायला आयली. जखम भरली की ती जायाला पायजे. पन वय वाढलं की ती जातच नाय. लग्नाला आयलेला पावना, मांडव सोडला तरी ओटीवर बसून हाय. भांडत नाय, बोलत नाय, पन रोज तुजंच खातो. हृदयाचं खातो, ढोपराचं खातो, डोक्याचं खातो."

बायका खो-खो हसायच्या, कारण असा पाहुणा प्रत्येकीच्या घरी येऊन गेलेला असायचा. मग मॅडम सांगायच्या की ही मंद सूज डोळ्याला दिसत नाही, रक्तात दिसते. म्हणून रक्त द्यायचं. एकदाच देऊन भागणार नाही. त्याच माणसांनी दर वर्षी यायचं, तेव्हा कुठे कळेल की कुणाची सूज वाढली, कुणाची नाही, आणि ज्याची नाही वाढली तो काय वेगळं करतो. "आणि मग औषध देशील कं?" असं कुणीतरी विचारायचंच. मॅडम खोटं बोलायच्या नाहीत. "नाय गं. मी औषधाची डॉक्टर नाय." यावर एक म्हातारी म्हणाली होती, "मंग कसली डाक्टर तू?" मॅडम ही गोष्ट भेटेल त्याला सांगायच्या. इतका रास्त प्रश्न आपल्याला संस्थेतही कुणी विचारला नाही, असं त्यांचं म्हणणं.

त्यांच्या खोडी पुष्कळ होत्या. कुणी नवीन भेटलं की हात पुढे करायच्या. लुगड्यातल्या आज्या लाजून हात पदराखाली लपवायच्या, कारण आयुष्यात कुणी हस्तांदोलन केलेलं नसायचं. मॅडम तो हात शोधून काढायच्या आणि दाबायला लावायच्या. पकडीवरून त्यांना म्हणे माणसाची निम्मी तब्येत कळायची. आजोबा लोक चेव येऊन असा हात आवळायचे की मॅडमच्या सुजलेल्या बोटांत कळ जायची. त्यांच्या तोंडावर मात्र काही दिसायचं नाही. "झकास!" म्हणायच्या. गाडीत बसल्यावर मग मला म्हणायच्या, "जरा ते तुझं शेकायचं काढ."

दुसरी खोड म्हणजे त्यांना नमुन्यांची काळजी पोटच्या पोरांसारखी. रक्त घेतलं की ते यंत्रात गरगर फिरवून वरचं पिवळसर पाणी वेगळं करायचं आणि गोठवून ठेवायचं, मग ते मुंबईला जायचं. उल्हासनगरात एका ओळखीच्या लॅबमध्ये त्यांचा फ्रीजर होता. एकदा भर दुपारी त्या भागातली वीज गेली. लॅबचा जनरेटरही नेमका त्याच दिवशी रुसला. मॅडम थंड पेटी छातीशी धरून रस्त्यावर उभ्या, आणि मी रिक्षा शोधतेय. तेवढ्यात त्यांना समोर जेठानंद शेठचं कुल्फीचं दुकान दिसलं, आत इन्व्हर्टर गुरगुरत होता. मॅडम सरळ आत शिरल्या.

जेठानंद शेठ सत्तरीचे, पांढरा सदरा, कपाळाला टिळा. त्यांनी पेटीत डोकावून बघितलं. रांगेनं उभ्या पिवळ्या नळ्या.

"मॅडम, ये तो केसर-पिस्ता लगता है."

"शेठ, हे आगऱ्यांचं रक्त आहे. तुम्हाला पचायचं नाही."

शेठ इतके हसले की गल्ल्यावरची घंटी हलली. "रखो, रखो. पर उपर चिठ्ठी लगाओ साईं, कोई बच्चा उठा के ले जाएगा." नळ्या संध्याकाळपर्यंत मलई कुल्फीच्या शेजारी सुखरूप राहिल्या. जाताना मॅडमनी त्यांना हात पुढे केला, पकड बघितली आणि विचारलं, "शेठ, गोड किती खाता?" शेठ म्हणाले, "धंदा है, चखना पडता है." पुढच्या महिन्यात शेठ साखर तपासून घ्यायला त्याच लॅबमध्ये रांगेत उभे होते. पुढे वीज गेली की आम्ही विचारायचोच नाही. शेठ आपणहून एक कप्पा रिकामा करून ठेवायचे.

असं सगळं मजेत चाललं होतं, आणि मग खालच्या पाड्याचे आकडे आले.

अंबरनाथच्या बाहेर डोंगराच्या कुशीला दोन पाडे आहेत, वरचा आणि खालचा. दोघांचं भजनी मंडळापासून क्रिकेटपर्यंत जन्माचं वैर. वरच्या पाड्याचं रक्त आम्ही दसऱ्याआधी घेतलं, खालच्याचं दसरा झाल्यावर पहिल्या रविवारी. दिवाळी संपता संपता निकाल हाती आले. वरचा पाडा ठीकठाक. खालच्या पाड्यात मात्र सुजेचं प्रमाण जवळपास प्रत्येक घरात चढलेलं. खालच्या पाड्याच्या मागून कारखान्यांचं पाणी वाहून नेणारा एक नाला जातो. वरच्याच्या मागून जात नाही. आता कुणालाही दोन आणि दोन चार करावेसे वाटतील. संस्थेतले वरिष्ठ तर खूष झाले. प्रकल्पाला पुढची मुदत मिळणार की नाही याचा निर्णय त्याच महिन्यात व्हायचा होता आणि असा निष्कर्ष हाती असेल तर मुदत मिळणार हे सगळ्यांना दिसत होतं.

मॅडम त्या दिवशी माझ्याकडे आल्या, शेकायला म्हणून, पण खुर्चीत नुसत्या बसून राहिल्या. "माझे वडील त्याच कारखान्यांच्या पट्ट्यात काम करून गेले," त्या म्हणाल्या. "शेवटची वर्षं कशी काढली ते मी पाहिलंय. मला हे खरं असायला हवंय, शुभांगी. म्हणूनच मला भीती वाटतेय."

"पण आकडे तर आहेत ना?"

"आकडे फार जास्त आहेत. ही वर्षानुवर्षांची मंद सूज नाही. ही कालपरवाची सूज आहे."

रविवारी आम्ही दोघी खालच्या पाड्यावर गेलो. पहिलं घर धर्माबाईंचं. धर्माबाई पाड्यातली सगळ्यात वयस्क बाई, ऐंशीच्या पुढची, काटक, आणि पाड्याचा कारभार तिच्या तोंडावर चालायचा. आम्हाला बघून ती लगबगीनं खाली बसली, आणि बसताना लुगडं जरा वर सरकलं. दोन्ही ढोपरांवर काळे डाग, गोल गोल, कडेनं साल गेलेली.

मॅडम वाकल्या. "आये, ह्यो काय?"

"बिब्बा."

"कवा लावलास?"

"तू रगत घ्यायला येवाची व्हतीस ना, तवा. दोन दिस आदी."

"का गं?"

धर्माबाईला हा प्रश्न अगदीच बाळबोध वाटला. "तू चालाया लावतंस ना? वरच्या पाड्यातल्या बाया फटाफट चालल्या म्हनं. आमी काय मागं रवाचं? ढोपरं दुकत व्हती, मंग सगल्यांना बोल्ली, बिब्बा घाला."

आणि सगळ्यांनी घातला होता. सुईच्या टोकावर बिब्बा धरून, दिव्यावर तापवून, त्याच्या तेलाचे चटके ढोपरांना, कमरेला, खांद्यांना. दुखण्यावर हा आमच्याकडचा जुना इलाज. बऱ्याच जणांना तो उतलाही होता, अंगावर फोड उठले होते. एका आजोबांनी तर मनगटाला लावून घेतला होता, माझ्या पकडीच्या परीक्षेत वरच्या पाड्याला हरवायचं म्हणून. आम्ही घरोघर फिरलो आणि जिकडे तिकडे तेच काळे डाग. मॅडम आधी हसल्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. धर्माबाईही हसली, कशाला ते न कळता.

मग मॅडमनी तिला नीट समजावून सांगितलं की बिब्ब्यानं कातडी पोळते, ती सूज रक्तात उतरते, आणि मला जी सूज बघायची होती ती तिच्याखाली झाकली गेली. धर्माबाईचा चेहरा उतरला. "म्हंजे आमी बिगडवलं कं?"

"नाय आये. मी इचारलं नाय, ती माझी चूक. तुमी तर माज्यासाठी चटके खाल्ले."

परतताना शिवमंदिराच्या कमानीपाशी गाडीतून उतरताना त्या म्हणाल्या, "शर्यत लावली त्यांनी. माझ्या अभ्यासाची शर्यत केली गं." त्या आवाजात राग नव्हता. मला तर त्यात थोडा अभिमानच ऐकू आला.

संस्थेत त्यांनी सगळं जसंच्या तसं सांगितलं. तिथले लोक वाईट नव्हते, घाईत होते. त्यांचं म्हणणं, बिब्ब्याचा उल्लेख शेवटी एका ओळीत करू, बाकी निष्कर्ष राहू दे. मॅडमनी खालच्या पाड्याचे सगळे आकडे काढून टाकले. उरला वरचा पाडा आणि इतर दोन वस्त्या, त्यात नवल वाटावं असं काही नव्हतं. मुदत मिळाली नाही. प्रकल्प बंद झाला. मी चिडले, संस्थेवर, बिब्ब्यावर आणि खरं तर मॅडमवरही. त्या मला म्हणाल्या, "नाल्याचं काय ते खरं असेलही. पण मला ते माहीत नाही. माहीत नाही ते मी कसं सांगू?"

वर्ष गेलं. पुढचा दसरा झाला आणि पहिल्या रविवारी सकाळी माझा फोन वाजला. खालच्या पाड्याच्या समाजमंदिराची किल्ली ज्यांच्याकडे असते ते काशिनाथमामा बोलत होते. "ताई, कवा येताव? तुमची मानसा सकालपासून बसलीत."

मला क्षणभर काही कळेना. मग आठवलं. मागच्या वर्षी जाताना मॅडम सगळ्यांना सांगून आल्या होत्या, पुढच्या वर्षी दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी, उपाशीपोटी या. प्रकल्प बंद झाल्याचं पाड्यावर कुणी कळवलंच नव्हतं, कारण ही माणसं वर्षभर लक्षात ठेवतील असं आमच्यापैकी कुणालाही वाटलं नव्हतं. मी मॅडमना फोन केला. "आलेच," एवढंच म्हणाल्या.

समाजमंदिरात सगळे भिंतीला टेकून बसले होते. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. स्वच्छ धुतलेली लुगडी, टोप्या. चहासुद्धा कुणी घेतला नव्हता. धर्माबाईनं मॅडमना बघताच उभं राहून ढोपरं दाखवली. "बघ. या खेपेला कुनी बिब्बा नाय लावला. मी घराघरान जाऊन दम भरून आयली."

मॅडमच्या हातात त्या दिवशी काहीही नव्हतं, ना सुया, ना नळ्या, ना परवानगी. माणसाचं रक्त संशोधनासाठी घ्यायचं तर रीतसर परवानगी लागते आणि ती प्रकल्पाबरोबर संपली होती. मी हळूच म्हटलं, ओळखीच्या लॅबचा माणूस बोलावू, घेऊन ठेवू, पुढचं पुढे. त्यांनी नकारार्थी मान हलवली. मग पुढे होऊन त्यांनी सगळ्यांना आगरीत सांगितलं की काम बंद पडलंय, मला आज तुमचं रक्त घेता येत नाही, घेतलं तर ते बरोबर होणार नाही. तुम्हाला उपाशी बसवलं, मला माफ करा.

धर्माबाईनं विचारलं, "परवानगी कोन देतो?"

"मुंबईला असतात."

"मंग जा आनि आन. आमी परत येव."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. कुणीतरी उठून चुलीवर चहा ठेवायला गेलं. मॅडम तिथेच खुर्चीवर बसून रडल्या, सगळ्यांसमोर, पदर डोळ्यांना न लावता.

त्यानंतरचं वर्ष मी त्यांना नुसती धावपळ करताना पाहिलं. आमवातानं उचल खाल्ली होती, लिहायला पेन धरवत नव्हतं, कधी कधी मी बसून त्यांचे अर्ज टाइप करायची. संस्थेनं नाही म्हटलं, दुसऱ्या एकीनं नाही म्हटलं. शेवटी आमच्याच पट्ट्यातल्या एका कॉलेजनं प्रकल्प आपल्या पंखाखाली घेतला. लहानसाच, पण रीतसर. परवानगीचा कागद आला तेव्हा मॅडमना श्वासाचाही त्रास सुरू झाला होता. डॉक्टर म्हणाले, सूज फुप्फुसापर्यंत गेलीय, घराबाहेर पडू नका. मॅडमनी त्यांना विचारलं, दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी तासभर पडलं तर?

त्या आल्या. रिक्षातून समाजमंदिराच्या दारापर्यंत, मग माझ्या खांद्याला धरून खुर्चीपर्यंत. पाड्यातली काही माणसं मधल्या काळात गेली होती. जी होती ती सगळी आली, उपाशी. कॉलेजच्या मुलींनी रक्त घेतलं, मी पकड मोजली, चालायला लावलं. मॅडम खुर्चीतून प्रत्येकाशी बोलत होत्या, आवाज बारीक झालेला, प्रश्न मात्र नेहमीचेच. शेवटची नळी पेटीत गेली तेव्हा त्यांनी डोळे मिटले आणि बराच वेळ तसेच ठेवले.

मग बायकांनी टोपल्या उघडल्या. तांदळाच्या भाकऱ्या, सुकटीची चटणी, सगळ्यांनी मिळून उपास सोडायचा बेत आधीच ठरलेला. धर्माबाईनं मॅडमपुढे पान ठेवलं. मॅडम हसून म्हणाल्या, मी नंतर खाते. तेव्हा त्यांच्या सोबत आलेली कॉलेजची मुलगी म्हणाली की मॅडमनीही सकाळपासून काही खाल्लेलं नाही. रक्त घ्यायच्या दिवशी त्या कधीच खाऊन येत नाहीत, म्हणतात, पाड्यातल्यांना उपाशी बसवायचं आणि मी पोहे खाऊन यायचं, हे कसं चालेल. इतकी वर्षं मी बरोबर होते आणि मला हे ठाऊक नव्हतं.

मॅडमनी भाकरीला हात घातला. बोटं वळेनात. भाकरी पानातल्या पानात फिरत राहिली. मी पुढे होणार तेवढ्यात धर्माबाई खाली बसली, तिनं भाकरी आपल्याकडे ओढली, तुकडा मोडला, चटणीला लावला आणि मॅडमच्या तोंडासमोर धरला. मॅडम संकोचल्या. एवढ्या माणसांसमोर. त्या काहीतरी म्हणायला गेल्या.

"खा गुमान," धर्माबाई म्हणाली. "याला कुनाची परवानगी नाय लागत."

मॅडमनी तोंड उघडलं. मग दुसरा तुकडा, मग तिसरा. धर्माबाई भरवत होती आणि मॅडम लहान पोरीसारख्या निमूट खात होत्या, अख्खी भाकरी संपेपर्यंत.